बेटावर, नातीच्या मानासाठी

दोन हजार तेवीस साली मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो आणि ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली होती. अशा दिवसांत दिंडोरीकडचा द्राक्षवाला घर सोडत नाही. सोयरीक असो की मयत, तो सांगतो, छाटणी झाली की येतो. मी सोडलं. आमच्या गावातून त्या बेटावर माझ्याशिवाय आजवर कोणी गेलेलं नाही, आणि जे गेले नाहीत तेच पारावर जास्त बोलतात. म्हणून गेलेल्या माणसानं लिहून ठेवलेलं बरं. माझं शिक्षण चौथी. चौथीपर्यंत लिहायला शिकवतात, पुढे काय शिकवतात मला माहीत नाही.

माझी नात ऋतुजा व्हायोलिन वाजवते. आपल्यासारखं मांडी घालून नव्हे. परदेशी पद्धतीचं, खुर्चीवर बसून, समोर कागद ठेवून. हा नाद तिला लहानपणी देवळाली कॅम्पात लागला. मिलिटरीच्या बँडमधून निवृत्त झालेले एक मास्तर तिथे राहायचे. दर रविवारी मी तिला जीपमधून न्यायचो. ती आत शिकायची, मी व्हरांड्यात बसायचो. लांब तोफांचा सराव चालायचा आणि आत हिचा. कोणाचा त्रास जास्त, हे सुरुवातीला सांगता आलं नसतं. पुढे तोफा होत्या तशाच राहिल्या, पोरगी सुधारली.

आता तिचं बी.एस्सी. झालंय आणि चौघांचं एक मंडळ आहे. त्याला ते क्वार्टेट म्हणतात (दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, आवाज घोगरा. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं धूड). इगतपुरी तालुक्यातल्या एका धरणाच्या पाण्यात एक टेकाड आहे. धरण भरलं की त्याचं बेट होतं. तिथे अशा तीन मंडळांचं शिबिर होतं. शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्या बाई एक मंडळ निवडणार आणि त्याला वर्षभर गोव्याला ठेवून घेणार. निवड झाली तर ऋतुजा गोव्याला. नाही झाली तर तिच्या बापानं, म्हणजे माझ्या सुरेशनं, ठरवून टाकलं होतं: व्हायोलिन कपाटात आणि पोरगी वायनरीच्या लॅबमध्ये. नोकरी पक्की झालेली होती.

“मी सोडायला जातो,” मी म्हणालो.

“आबा, या वयात घाटाकडे गाडी नेणार तुम्ही?” सुरेश म्हणाला.

“तुझ्या वयात तू पाठ धरून आडवा पडतोस. मीच जातो.”

नाशकात द्वारकेला चिन्मय गाडीत बसणार होता. ऋतुजाच्या मंडळातला व्हायोलिनवाला. पुण्याच्या बसमधून उतरला. उंच, केस मागे बांधलेले, पाठीवर पेटी. द्वारकेच्या चौकात गाडी थांबवायला जागा नसते. मी तिथे थांबवली. चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. त्यानं पुढचं दार उघडलं.

“मागे,” मी म्हणालो.

“आजोबा, मागे बसलं की मला मळमळतं.”

“खिडकी उघडी ठेव.”

पुढच्या सीटवर ऋतुजा होती आणि तिच्या मांडीवर तिची पेटी. तो मागे बसला. विल्होळी गेलं, वाडीवऱ्हे गेलं. घोटीच्या अलीकडे त्याला घाईनं उतरावं लागलं. म्हणाला होता ते खरं होतं.

घोटीला तांदळाच्या गिरण्या. सगळ्या रस्त्याला कोंड्याचा वास. तिथून आत वळलं की मुलूख बदलतो. आमच्याकडे बागा तारांवर, सरळ रेषेत. इकडे काही सरळ नाही. भाताच्या खाचरांचे बांध वाकडे, रस्ता वाकडा, आणि मधल्या उतारांवर खुरासणीची पिवळी फुलं (तिचं तेल काढतात, चटणीही होते). भात निसवला होता (लोंब्या बाहेर पडल्या होत्या). पीक चांगलं होतं. मी तसं म्हणालो. पोरांनी हो म्हटलं, पण त्यांना त्यातलं कळत नव्हतं.

धरणाच्या काठाला होडी घेऊन सोमा उभा होता. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, डोक्याला टॉवेल. तो त्या बेटाचा होडीवाला, राखणदार आणि मासेवालाही. त्याची बायको हिराबाई बेटावर स्वयंपाक करते. पोरं चढली. मीही चढलो.

“बाबा, तुमी कुटं?” सोमा म्हणाला. “मला पोरायलाच न्यायचं सांगितलंय.”

“बघून येतो.”

“बघून म्हंजी, परत येनार ना?”

“बघू.”

“आबा,” ऋतुजा म्हणाली, “पालकांना परवानगी नाहीये. मी सांगितलं होतं.”

“मी ऐकलं होतं.”

होडी निघाली. मध्यावर सोमानं पाण्यात बोट दाखवलं. “ह्या खाली आमचं गाव. मारुतीचं देऊळ आपल्या बरोबर खाली.” मी हात जोडले. चिन्मयनं खाली वाकून बघितलं आणि परत तोंडावर हात धरला.

बेटावर पाटबंधारे खात्याचा जुना दगडी बंगला, मागे दोन पत्र्याच्या शेड, जांभळाची आणि करवंदाची दाटी. मोबाइलला रेंज नाही. पायऱ्यांवर बाई उभ्या होत्या. लुर्दिस बाई, मडगावच्या. पांढरे केस आखूड कापलेले, पायात रबरी बूट. निम्मं आयुष्य परदेशात शिकवलेलं, पण मराठी बोलतात, कोकणीच्या अंगानं.

“तुमी कोण?”

“ऋतुजाचा आजा.”

“इथे पालकांना राहायला देत नाय.”

“मी पालक नाही. पालक तिचा बाप आहे.”

बाईंनी होडीकडे बोट दाखवलं. “होडी आता परत वता (जाते).”

“जाऊ दे की,” मी म्हणालो.

होडी गेली. माझी जीप पलीकडच्या काठाला आंब्याखाली, मी अलीकडे. अशा रीतीनं मी शिबिरात राहिलो.

खोली शिल्लक नव्हती. मला वाद्यांच्या खोलीत खाट मिळाली. पाण्याच्या मधोमध हवा ओली, आणि ओल्या हवेत ही वाद्यं बिघडतात, म्हणून तिथे हवेतलं पाणी ओढून घेणारं एक यंत्र चालू असायचं. त्यानं माझा घसा कोरडा पडायचा. मी खिडकी उघडली. सकाळी बारा जणांच्या बाराही वाद्यांचे सूर उतरले होते. पोरं न्याहारी होईस्तोवर खुंट्या पिळत बसली. खिडकी कोणी उघडली हे कोणी विचारलं नाही, त्या खोलीत मी एकटाच होतो. त्या दिवसापासून खिडकीला खिळा आला.

जेवायला पोरांना पाव, सूप, उकडलेल्या भाज्या. मी हिराबाईच्या चुलीपाशी गेलो. नागलीची (आपली नाचणी) भाकरी, खुरासणीची चटणी, आणि सोमानं जाळ्यात धरलेली चिलापी. चिलापीला काटे फार, पण रश्शाला चव आहे.

“बाबा, एक इचारू?” हिराबाई म्हणाली. “ही लेकरं दिसभर सूरच लावत्यात. गानं कवा चालू व्हायचं?”

“तेच गाणं आहे.”

“आसं?” ती म्हणाली. तिनं भाकरी उलटली. “मग बरं हाय.”

न्याहारीनंतर ऋतुजाच्या मंडळाची पाळी. चौघं अर्ध्या गोलात बसतात. डावीकडे चिन्मय, त्याच्या शेजारी ऋतुजा, मग मेघना व्हायोला घेऊन, उजवीकडे ॲलन चेलो घेऊन. मेघना बंगळूरची, बोलते कमी आणि बोललीच तर हिंदी. ॲलन वसईचा, घरी मराठीच बोलतात, आणि तो सारखा हसतो. त्यांच्यात कोणी हात हलवून ताल देणारा नसतो. चिन्मय नाकानं मोठा श्वास घेतो, उठायच्या आधी बैल घेतो तसा, आणि चौघं एकदम सुरू होतात. हे मला आवडलं.

गाणं माझ्या ओळखीचं निघालं. कोणा परदेशी माणसानं दोनशे वर्षांमागे रचलेलं. ऋतुजा ते वर्षभर घरी घासत होती. मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे. फवारणीला ट्रॅक्टरवर बसलो की तेच तोंडात असतं. आमच्याकडे छाटणीला येणाऱ्या बायकांनाही ते येतं. एकीनं त्याला शब्द लावलेत, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

चौघांकडून मात्र मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. मला स्वच्छ कळलं की गाणं ऋतुजा वाजवतेय आणि बाकीचे तिघं तिला साथ करताहेत. ॲलन खालून हुंकार देतो, ते ठीक. मेघना आपली कडेकडेनं चालते, तेही ठीक. पण हा चिन्मय वरून सारखी नक्षी काढत होता. ग्रामसभेत सरपंच बोलत असताना एक जण सारखा मध्ये बोलतो, तसा. पोरीला बोलूच देत नव्हता.

संपल्यावर मी म्हणालो, “चांगलं झालं. फक्त या पोराला हळू वाजवायला सांगा. त्याच्यामुळे गाणं ऐकू येत नाही.”

चौघं माझ्याकडे बघायला लागले. ॲलनला हसू आवरेना.

“आजोबा, तो फर्स्ट आहे.”

“कशात?”

“पहिलं व्हायोलिन त्याचं. गाणं त्याच्याकडे असतं. ऋतुजा सेकंड. दुसरी.”

मी ऋतुजाकडे पाहिलं. ती कागद आवरत होती.

“किती दिवस दुसरी?” मी विचारलं.

“पहिल्यापासून, आबा.”

इथे थोडं घरचं सांगावं लागेल. आमच्या गावात पोळ्याला वेशीतून पहिली बैलजोडी आमची निघते. पणजोबांपासूनचा मान आहे. आता आमच्याकडे बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. तरी पहिला ट्रॅक्टर आमचाच निघतो. मागे एका सालात दुसऱ्या वाड्यावरच्यांनी आपला पुढे काढला, तर सगळं गाव दिवे लागेपर्यंत वेशीत उभं राहिलं, पण त्यांना ट्रॅक्टर मागे घ्यावा लागला. आणि आमचीच पोरगी इथे चार लोकांत दुसरी बसते, तेही स्वतःचं गाणं वाजवून. शेवटच्या दिवशी बाई निवड करणार. दुसऱ्या बसलेलीला कोण निवडतं?

मी बाईंना गाठलं. त्या पाण्याशी बूट धूत होत्या.

“आमची ऋतुजा दुसरी का?”

“कोणाक तरी बसचें पडता (बसावंच लागतं).”

“आमच्या घरात दुसरं कोणी बसत नाही.”

“मग तुमच्या घरात क्वार्टेट जमचें ना (जमणार नाही),” बाई म्हणाल्या. “दुसरें म्हणजे उणें न्हय (कमी नव्हे), आजोबा.”

“हे पहिले बसलेले लोकच सांगतात.”

बाईंनी दुसरा बूट धुवायला घेतला. मी विचारलं, यात निर्णय कोणाचा? त्या म्हणाल्या, चौघांचा. त्यांचा रिवाजच तसा आहे. मालक नाही, मुकादम नाही. गाण्यात कुठे थांबायचं, कोण कुठे बसायचं, सगळं चौघांच्या विचारानं. मी म्हणालो, मग सोपं आहे. बैठक लावतो.

बैठक जांभळाखाली लावली. मी मुद्दा मांडला. ऋतुजा म्हणाली, “आबा, प्लीज, उठा इथून.” मी उठलो नाही. बैठक लावणारा उठला तर बैठक राहत नाही.

ॲलन म्हणाला, “दोन दिवस बदलून बघायला काय हरकत आहे?” त्याला सगळ्यातच मजा वाटते.

मेघना म्हणाली, “मुझे जैसा है वैसा ही ठीक लगता है.”

चिन्मय गवताची काडी तोडत होता. “मला प्रॉब्लेम नाही,” तो म्हणाला. “तिला झेपेल असं वाटत असेल तर बसू दे.”

तो तेवढंच बोलला नसता तर ऋतुजानं मला तिथून उठवलं असतं आणि पुढचं काही घडलं नसतं. पण ती आमच्या घरची आहे.

“झेपेल,” ती म्हणाली. “मी बसते.”

बाईंना कळवलं. त्या एवढंच म्हणाल्या, “बसून पळयात (बघा).”

मग ती माझ्याशी बोलायची बंद झाली. सकाळी उठून पाण्याच्या टोकाला खडकावर उभी राहायची आणि चिन्मयचे कागद वाजवायची. ते वरचं काम अवघड आहे. बोटं गळ्यावरून पार पुढे, तारा टेकतात त्या घोडीजवळ न्यावी लागतात. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांची सालं निघाली. मी हळद घेऊन गेलो. तिनं हळद घेतली, माझ्याकडे पाहिलं नाही. मी हिराबाईकडे बसायचो, सोमाबरोबर जाळं झाडायचो. जाळं फेकायला लागलो तेव्हा एकदा जाळ्याबरोबर मीही पाण्यात गेलो. कमरेइतकंच पाणी होतं. सोमा म्हणाला, “बाबा, मासा सोडून समदं घावलं आपल्याला.” धोतर वाळेस्तोवर मी त्याची लुंगी नेसून हिंडलो. बाईंना भेटायला परदेशातून आलेला एक पाहुणा माझा फोटो काढायला आला. काढू दिला.

मनात मात्र मी समाधानी होतो. पोरगी पहिल्या खुर्चीवर होती.

मग निवडीच्या आदल्या दिवशीची तालीम. मी दारात बसलो. आता ऋतुजानं श्वास घेतला आणि सुरू झालं. मी माझ्या गाण्याची वाट बघत होतो. आलं नाही. ऋतुजा वर कुठेतरी नक्षी काढत होती, चांगली काढत होती, पण गाणं कुठे? बऱ्याच वेळानं सापडलं. ते चिन्मयकडे होतं. तो ते वाजवत होता, पण दुसऱ्याच्या बागेतून वाट काढावी तसा. जिथे ऋतुजा थांबते तिथे थांबत नव्हता. जिथे ती ॲलनसाठी जागा सोडते तिथे हा आवाज करत होता. आणि मेघना, जी कडेकडेनं चालायची, तिला आता कड सापडत नव्हती. चौघं वाजवत होते आणि मधोमध भोक पडलं होतं.

तालीम संपल्यावर मी चिन्मयला पायरीवर थांबवलं.

“ते गाणं तू असं का वाजवतोस?”

“कुठलं?”

मी म्हणून दाखवलं. शब्द नाहीत त्याला, नुसतंच. सगळं म्हटलं. तो आधी हसला, मग खालीच बसला.

“आजोबा, हा सेकंडचा पार्ट आहे. तुम्हाला अख्खा पाठ आहे? हे कोणी गुणगुणत नाही. जगात कोणीच नाही. हे गाणं नाहीये, हे गाण्याच्या आतलं आहे.”

“आमच्या गावात सगळे गुणगुणतात.”

“ऋतुजामुळे,” तो म्हणाला. मग गवताकडे बघत म्हणाला, “ती ते असं वाजवते की तुम्हाला ते गाणं वाटलं. मला येत नाही तसं. मी दोन दिवस बघतोय.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं काय झालं ते. गाणं पोरीचंच होतं. मान मिळवायला म्हणून मी तिला तिच्या गाण्यातून उठवलं होतं, आणि निवड दुसऱ्या दिवसावर आली होती.

मी ऋतुजाकडे गेलो. ती खडकावर होती.

“उद्या तू तुझ्या जागेवर बस,” मी म्हणालो.

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. “माझी जागा कुठली, आबा?”

“पहिल्यापासूनची.”

“परवा बैठक लावून उठवलंत. आज बैठक न लावता बसवताय?” तिनं बोटं पुढे केली. हळद वाळून सालींत गेली होती. “हे कशासाठी केलं मी? चिन्मय म्हणाला झेपेल तर बसू दे. आता मी वाजवूनच उठणार.”

“ऋतुजा, ऐक.”

“तुम्ही ऐकलं असतं?”

मी खोटं बोलत नाही. मी परत फिरलो.

शेवटच्या दिवशी पाहुणे आले, सोमा आणि हिराबाई नवे कपडे घालून बसले. दोन मंडळं वाजवून गेली. मग हे चौघं. ऋतुजा पहिली. तिनं वाजवलं. एकही बोट चुकलं नाही, हे मी म्हणत नाही, मला कळत नाही. हे चिन्मय म्हणाला. टाळ्या पडल्या. हिराबाईनं माझ्याकडे बघून मान डोलावली. पण मी सगळा वेळ मधलं भोक ऐकत होतो.

बाईंनी दुसरं मंडळ निवडलं. चौघी मुली, कोलकात्याच्या आणि आसामच्या. वाजवत चांगल्या होत्या. चौघींनी एका माणसाच्या हातांनी वाजवावं तशा.

मी बाईंकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

“पोरगी पहिली बरी वाजयता (पहिली बसूनही चांगली वाजवते),” बाई म्हणाल्या. “पण पहिले मला रोज भेटतात. तिच्यासारखें दुसरें मला क्वचित मिळतें. तेंच तुमी आमाक ऐकूंक दिलें ना (ऐकू दिलं नाहीत).”

“तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“सांगलें,” बाई म्हणाल्या. “बूट धुताना.”

होडीच्या इंजिनात काहीतरी अडकलं होतं आणि सोमा ते उघडून बसला होता. सामान काठावर. वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. ॲलननं भाजीचे रिकामे क्रेट उपडे घातले आणि पेटी उघडली. मेघना त्याच्याजवळ बसली. चिन्मय डाव्या टोकाला. त्याच्या शेजारचा क्रेट तसाच राहिला. ऋतुजा उभी होती. मग तिनं व्हायोलिन काढलं आणि त्या क्रेटवर बसली.

चिन्मयनं श्वास घेतला.

माझं गाणं मला परत ऐकू आलं, आणि त्याच्यावरची नक्षीही या वेळी जागेवर वाटली. बांध घातल्यावर खाचरात पाणी उभं राहतं, तसं चौघांचं उभं राहिलं. सोमानं पाना खाली ठेवला. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, रबरी बूट घालून.

“आता वाजयलें,” त्या म्हणाल्या.

“मग आता निवडा,” मी म्हणालो.

“निवडलें तें निवडलें.”

बरोबरच आहे. मीही तेच म्हणालो असतो.

चिन्मय, ॲलन आणि मेघना इगतपुरीला रेल्वेकडे गेले. जीपमध्ये आम्ही दोघंच. घोटी गेली, वाडीवऱ्हे गेलं.

“आता तुमचं मंडळ?” मी विचारलं.

“बहुतेक संपलं,” ती म्हणाली. “भेटणार कुठे? चिन्मयच्या सोसायटीत शेजारी तक्रार करतात. ॲलनच्या घरी आठ माणसं. मेघना तर बंगळूरला. हॉलचं भाडं कोण देणार? गोवा मिळालं असतं तर वर्षभर एकत्र बसलो असतो.” मग म्हणाली, “तुमच्यामुळे नाही, आबा. मी उठू शकत होते.”

“माझ्यामुळेच,” असं मी म्हणालो नाही. पण गाडी हळू चालवली.

घरी सुरेश म्हणाला, “झालं ना बघून? आता लॅब.”

“लॅबला जाईल,” मी म्हणालो. “व्हायोलिन कपाटात जाणार नाही. महिन्यातून दोन दिवस चौघं इथे येतील. आपलं द्राक्षं भरायचं पॅकहाउस जानेवारीपर्यंत रिकामंच असतं. पुढे बघू.”

“आबा, पॅकहाउसमध्ये औषधं, क्रेट, पंप...”

“काढतो.”

“आणि यांचं राहणं, जेवण?”

“तुझ्याकडे सोयरे येतात तेव्हा मी विचारतो का?”

मी ऋतुजाच्या फोनवरून ॲलनला फोन लावला. तो ऐकून हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, “आजोबा, खरंच? आम्ही येऊ. मेघनाला मी सांगतो, ती रात्रीच्या गाडीनं येईल. एकच सांगतो, खुर्च्यांना हात नकोत. कोपर अडतं.”

आमच्या बैठकीत चार सागवानी खुर्च्या आहेत. वडिलांनी करवून घेतलेल्या, रुंद हातांच्या, हातांच्या टोकाला कोरलेलं कमळ. आमदार आले की त्यांवर बसतात. एरवी त्यांवर पोरांनी बसायचं नाही, हे घरात सांगावं लागत नाही. बिनहाताची खुर्ची आमच्या घरात नाही.

प्रवासानं माणूस बदलतो असं म्हणतात. मला तसा अनुभव नाही. मी कमरेपर्यंत भिजलो आणि चिलापी खाल्ली. एवढं मात्र खरं, की इतकी वर्षं व्हरांड्यात बसून मी जे ऐकत होतो ते काय होतं, ते मला पाण्याच्या मधोमध जाऊन कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छाटणीची टोळी आली. त्यांना मी बागेत लावून दिलं, चारही खुर्च्या अंगणात काढल्या आणि करवत घेतली. सागवान जुनं झालं की लोखंडासारखं लागतं. नुसते हात कापून भागत नाही, हात पेलणारे पुढचे खुंटही बसायच्या फळीपर्यंत कापून काढावे लागतात.

सुरेश दात घासत बाहेर आला. “आबा! काय करताय?”

“हात कापतोय.”

तो ब्रश तोंडात तसाच ठेवून आत गेला. उन्हं अंगणात येईपर्यंत चारही झाल्या. ऋतुजा चहा घेऊन आली. तिनं कप भिंतीवर ठेवला, खुर्च्या अर्ध्या गोलात लावल्या आणि डावीकडून दुसरीवर बसली. हात वर धरून कोपर पुढेमागे करून बघितलं.

“ही डुगडुगते, आबा.”

मी पाचर मारली.